बोडणाची कुमारिका

आमच्या वाईच्या घरात देवांपेक्षा आत्याबाईंचा धाक जास्त होता. देव निदान देवघरात असत. आत्याबाई घरभर असत. त्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, थोरल्या बहीण. लग्नानंतर वर्ष उलटायच्या आत कपाळ पांढरं करून माहेरी परतल्या आणि घराचं सोवळं त्यांनी जे हातात घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. घर तरी कसलं, घाटाच्या वरच्या आळीतल्या भाड्याच्या चार खोल्या. पण त्या चार खोल्यांत आत्याबाईंनी न दिसणाऱ्या भिंती घातल्या होत्या. इथवर मुलांनी यायचं, इथून पुढे नाही. या खुंटीला हात लावायचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या हंड्याकडे नुसतं बघायचं. पहाटे नदीवर धुणं आपटल्याचे आवाज येत, पलीकडच्या पाठशाळेतून मुलांची एका सुरातली संथा येई, आणि या दोन्हींच्या वर आत्याबाईंचं "कोण शिवलं ग?" ऐकू येई. माझ्या लहानपणची प्रत्येक सकाळ अशीच सुरू झालेली आहे. आज मला त्यांचा राग येत नाही. त्या बाईला आयुष्यानं दुसरं काहीच दिलं नव्हतं, तेव्हा तिनं सोवळंच घट्ट धरलं. पण हे समजायला मलाही म्हातारं व्हावं लागलं.

अशा घरात सिंधूकाकू लग्न होऊन आली, ती हसतच आली. ती सांगलीची. माझा धाकटा काका तसा घुम्या माणूस, त्याच्या वाट्याला ही बायको कशी आली याचं आळीला नवल वाटायचं. काकू मोठ्यानं हसायची, जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची आणि माहेराहून येताना ट्रंकेच्या तळाशी लसूण घातलेलं भडंग लपवून आणायची. आत्याबाईंच्या घरात लसूण! आम्ही दोघी धुण्याच्या निमित्तानं घाटावर जायचो आणि खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, ते झणझणीत भडंग खायचो. मग तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळत घरी यायचो. ती माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनीच मोठी असेल. मी तिला काकू म्हणायचे, पण खरं तर मला तोवर मैत्रीण अशी कुणी नव्हती, ती मला काकूच्या रूपानं मिळाली. आई पहाटेपासून चुलीपुढे. ती कमी बोलायची आणि रात्री पाठ टेकताच झोपायची. माझी वेणी काकू घालायची, माझी गणितं काकू तपासायची, आणि "वच्छे, तू मास्तरीण झालीस की मी तुझ्या शाळेत शिपाई होईन, घंटा वाजवीन" असं म्हणून मला हसवायचीही तीच.

मास्तरीण होणं हे माझं त्या काळातलं एकच एक वेड होतं. सातवीची फायनल पास झालं की शाळेत नोकरी मिळत असे. आमच्या आळीतल्या एका विधवा बाई तशा लागल्या होत्या. त्या छत्री घेऊन ताठ मानेनं रस्त्यानं जात आणि लोक त्यांना "बाई" म्हणत. मला तशी छत्री हवी होती. आत्याबाईंचा मात्र दंडक ठरलेला होता. मुलीला न्हाण येईपर्यंत शाळा, त्यानंतर घर. अण्णा याज्ञिकीला बाहेर जात, लोकांकडे मोठ्या आवाजात मंत्र म्हणत आणि घरी आले की त्यांचा आवाज बसत असे. त्यांनी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, फायनलला तेवढी बसू दे तिला." आत्याबाई म्हणाल्या, "बसू दे की. तोवर देवीनं सांभाळलं तर." म्हणजे माझ्या शाळेचा निकाल माझ्या अंगावर सोडलेला होता.

आणि अंगानं दगा दिला. काकू पहिल्या बाळंतपणाहून मधूला घेऊन नुकतीच परतली होती. नदीवर धुणं धुताना मला ते कळलं आणि मी दगडावर बसून रडायला लागले. काकूनं आधी विचारलं, मग बघितलं, मग आजूबाजूला पाहून माझ्या कानाशी म्हणाली, "गप्प. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. फायनल होईपर्यंत मी सांभाळते."

"आत्याबाईंना कळलं तर?"

"कळायला त्या काय नदीत बसल्यात? तुझं धुणं माझ्या धुण्यात टाक. बाकी मी बघते."

आमच्याकडे त्या दिवसांत बाईनं मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचं, वेगळं ताट, वेगळं भांडं, कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. मी मात्र त्या दिवसांत घरभर फिरले. आत्याबाईंच्या सगळ्या भिंती ओलांडल्या. पाण्याच्या हंड्यातून तांब्या बुडवून पाणी प्याले. पहिल्या दिवशी छाती धडधडत होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आकाश कोसळलेलं नाही, आमटी नासलेली नाही आणि आत्याबाईंचा जप नेहमीसारखाच चालू आहे. काकू येताजाता माझ्याकडे बघून भुवई उडवायची. मला आयुष्यात तेवढं सुरक्षित पुन्हा कधी वाटलं नाही, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

आता बोडण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या नातींना ते ठाऊक नाही. आमच्यात घरात मुलगा झाला किंवा लग्न झालं की बोडण भरायचं, हा कुळाचार. मोठ्या कथवटीत, म्हणजे लाकडी परातीत, देवी बसवायची, भोवती घरच्याच चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसतात. पुरणपोळी, दूध, दही, तूप, मध, साखर सगळं देवीवर घालायचं आणि पाचजणींनी मिळून हातानं कालवायचं. कालवताना कुमारिकेला विचारतात, "देवी, काय हवं?" ती दूध म्हणाली की दूध ओततात, मध म्हणाली की मध. तिचं तोंड म्हणजे देवीचं तोंड. म्हणून ती न्हाण न आलेलीच लागते. पुरुषांनी ते बघायचंसुद्धा नाही.

मधूचं बोडण राहिलं होतं आणि त्यावर काकूचं सगळं अडलं होतं. काकाला सांगलीत एका तेलाच्या गिरणीत नोकरी लागली होती. काकूला आपलं स्वतःचं बिऱ्हाड करायचं होतं, जिथं मोठ्यानं हसलं तर चालेल. आत्याबाईंनी सांगितलं होतं, बोडण झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. दिवस ठरला, पुरणाची डाळ भिजत पडली, आणि आदल्या संध्याकाळी निरोप आला की कुमारिका म्हणून बसणाऱ्या आमच्या भाऊबंदांतल्या ठकीला गोवर निघाला आहे. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे. वच्छी बसेल."

मी काकूला मागच्या पडवीत ओढलं. "काकू, मी कशी बसू?"

काकू म्हणाली, "बस. आता नाही म्हणालीस तर का नाही ते सांगावं लागेल. मग तुझी फायनल गेली आणि माझी सांगलीही गेली."

"पण देवी..."

"देवीला काय बायकांचं माहीत नाही होय? ती पण बाईच आहे. बस तू."

मी बसले. रेशमी परकर नेसून, कपाळभर मळवट लावून बसले. शेजारी आई, समोर काकू, आणखी दोघी भाऊबंदांतल्या. आत्याबाईंना त्यात हात घालता येत नव्हता. त्या दाराशी उभं राहून सूचना देत होत्या. दुधातुपात कोपरापर्यंत बुडालेले पाच जणींचे हात मला आठवतात, बांगड्यांचे दबलेले आवाज, पुरणाचा आणि मधाचा एकत्र वास. "देवी, काय हवं?" मी घाबरत म्हटलं, "दूध." दूध आलं. "आणखी काय हवं?" "मध." मध आला. शेवटी सगळ्यांनी मला नमस्कार केला. आत्याबाईंनीही केला. मी काकूकडे बघितलं. तिनं खाली मान घालून भुवई उडवली आणि मला हसू दाबणं मुश्कील झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मधूला ताप भरला. दूध घेईना, डोळे उघडेना. अण्णा डॉक्टरला घेऊन आले, त्यानं पुड्या दिल्या, म्हणाला, साथ आहे, धीर धरा. पण आमच्या घरात ताप साथीनं येत नसे. काहीतरी चुकल्याशिवाय तो येऊच शकत नाही, याबद्दल आत्याबाईंच्याच काय, कुणाच्याही मनात शंका नव्हती. सगळा विचार मागे मागे जात बोडणावर येऊन थांबला. बोडणात काही तरी शिवाशिव झाली. कुणाकडून?

आत्याबाईंनी सगळ्यांना देवघरापुढे बोलावलं. समई लावली. एकेकीनं समईच्या ज्योतीवर हात धरून सांगायचं की आपण शुद्ध होतो. आईनं सांगितलं. भाऊबंदांतल्या दोघींनी सांगितलं. मग काकूची पाळी आली. तिच्या मांडीवर मधू होता, लालबुंद, श्वासाबरोबर कण्हणारा. तिचे केस विंचरलेले नव्हते. आत्याबाईंनी विचारलं, "सिंधू, तुला काही ठाऊक आहे?"

काकूनं मधूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग समईकडे.

"वच्छीला न्हाण आलंय," ती म्हणाली. "बोडणाच्या आधीच आलं असणार."

आत्याबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

आणि काकूनं ज्योतीवर हात धरून सांगितलं, "नाही. मला आज कळलं. तिचे कपडे दिसले धुण्यात."

तिनं सांगितलं याचं मला तेव्हाही फारसं वाटलं नव्हतं. मांडीवर असं मूल असताना कुणीही सांगेल. पण ते "नाही"! मी ओरडले, "काकू!" ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "काकूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीच म्हणाली गप्प बस. तीच म्हणाली बोडणाला बस." आत्याबाई म्हणाल्या, "देवीला फसवलंस आणि आता तान्ह्याच्या आईवर ढकलतेस?" मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

माझी शाळा त्याच दिवशी सुटली. मला प्रायश्चित्त दिलं, पंचगव्य प्यायला लावलं, उपास करायला लावले. मधूचा ताप उतरला, डॉक्टरच्या पुड्यांनी की आपसूक कोण जाणे. घरात ते माझ्या प्रायश्चित्तानंच उतरल्याचं ठरलं. काकू-काका सांगलीला निघाले तेव्हा सगळे दारात उभे होते. काकूनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, टांग्यात बसली, मधूला पदराखाली घेतलं. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. पुढे काही दिवसांनी माझ्या वर्गातल्या मुली फायनलला साताऱ्याला गेल्या. मोटारीला पेट्रोलऐवजी कोळशाचा बंब जोडलेला असायचा त्या युद्धाच्या दिवसांत. तो पेटायला वेळ लागायचा. मी घाटाच्या पायऱ्यांवरून त्यांना मोटारीभोवती उड्या मारताना बघत होते. माझ्या हातात धुण्याचा पिळा होता.

त्या दिवसापासून माझ्या मनात कचेरी भरली. आरोपी एकच होती, सिंधूकाकू. रोज सकाळी धुणं आपटताना मी तिला उभी करायचे, रोज तेच प्रश्न विचारायचे, रोज शिक्षा ठोठावायचे. मग हळूहळू त्या कचेरीत बाकीच्यांचीही वर्णी लागू लागली. अण्णा भित्रे, आत्याबाई दुष्ट, आई मुकी, शेजारीण चोंबडी, वर्गातल्या मुली मतलबी. कुणी गोड बोललं की हिला काय हवंय असं मनात येई. कुणी हसलं की कशाला हसतेय असं वाटे. माझी वाचा कडू झाली. दोन स्थळं बघायला आली नि परत गेली. मुलगी चांगली आहे पण नजर बोचरी आहे, असं त्यातल्या एका सासूनं म्हटल्याचं आमच्या कानावर आलं. बाई खरं बोलली. त्या वर्षांत तालुक्यातली पोरं भूमिगत होत होती, गावोगाव धरपकड चालली होती, घाटावर बायका कुजबुजत काय काय सांगायच्या. माझ्या कानावरून ते सगळं गेलं. मी माझ्या कचेरीत बसलेली असायचे.

मग तीनेक वर्षांनी काकूला दुसऱ्यांदा दिवस राहिले. दरम्यान तिची आई वारली होती. बाळंतपणाला बाईमाणूस हवं, आणि घरात रिकामा असा एकच हात होता. आत्याबाई म्हणाल्या, "वच्छी जाईल." मला कुणी विचारलं नाही. मला मात्र आतून एक वाईट आनंद झाला, हे सांगून टाकते. आता आरोपी समोर असणार होती.

साताऱ्याहून आगगाडीनं मिरज आणि तिथून सांगली. काकूचं बिऱ्हाड गिरणीच्या मागं होतं, दोन खोल्या, दिवसभर घाण्याची घरघर आणि भिंतींना तेलाचा वास. वारा पेठेकडून आला की हळदीचा वास यायचा. दारात काकू उभी होती. मला ओळखूच आली नाही. सुजलेले पाय, विरळ झालेले केस. "आलीस वच्छे?" म्हणाली आणि हसली, पण ते हसणं ओठांतच राहिलं. स्वतःचं बिऱ्हाड मिळाल्यावरही ती मोठ्यानं हसत नव्हती हे माझ्या लक्षात आलं, आणि बरं झालं, असंही वाटलं. मधू मात्र आल्याआल्या माझ्या गुडघ्यांना चिकटला आणि नंतर सुटलाच नाही. ज्याच्या तापापायी माझी शाळा गेली, तो माझ्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा मागायचा. त्याच्यावर रागावता येईना, म्हणून त्याच्या आईच्या नावावर तोही राग जमा व्हायचा.

मी सगळं केलं. स्वयंपाक केला, पाणी भरलं, अळीवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले. जे केलं ते तोंड मिटून केलं. मी वाट बघत होते. कधीतरी ती म्हणेल, वच्छे, चुकलं माझं. तेवढं एक वाक्य मला हवं होतं. ती दळणाबद्दल बोलायची, रेशनच्या साखरेबद्दल बोलायची, वाईच्या घाटाची आठवण काढायची. त्या वाक्याजवळ ती फिरकत नव्हती.

मुलगी झाली. बाळबाळंतिणीला तेल लावायला हरिपूरकडची गौराबाई येत असे. तिचा मुलगा पलटणीत होता, तो रजेवर यायचा झाला तेव्हा ती म्हणाली, "आवं ताई, उद्यापासनं मी येत न्हाई. माजं पोरगं येतंय. तुमी शिकून घ्या, लय सोपं हाय." तिनं मला शेजारी बसवून दाखवलं. कोमट तेल तळहातावर घ्यायचं, कमरेपासून वर न्यायचं, अंगठा मणक्याच्या कडेनं फिरवायचा. मी करून बघितलं तर ओरडली, "हात ढिला सोडा की! बाळंतिणीचं अंग हाय, भाकरीचं पीठ न्हवं. हाडं मोडशीला पोरीची!"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते काम माझ्याकडे आलं. काकू पाटावर पालथी पडायची, मी शेगडीवर तेल कोमट करून तिच्या पाठीला लावायचे. तिच्या अंगाला माझा हात इतक्या वर्षांनी लागत होता. मी मुद्दाम जोर लावायचे. ती दातावर दात दाबून पडून राहायची. एका दुपारी मात्र ती कळवळली, "वच्छे, दुखतंय ग."

"मलाही दुखलं होतं," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मग थांबवता येईना. "काकू, त्या दिवशी समईवर हात धरून तू नाही कसं म्हणालीस? ठाऊक नव्हतं असं कसं म्हणालीस?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अगं, मला ठाऊक नव्हतंच."

मी तिचा चेहरा न्याहाळला. खोटं बोलतानाचा तिचा चेहरा मला पाठ होता. समईच्या उजेडात मी तो बघितला होता आणि त्यानंतर रोज बघत आले होते. हा तो चेहरा नव्हता.

"मी तुला नदीवर सांगितलं. पहिल्याच दिवशी."

"मला? नाही ग." तिला खरंच आठवत नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ती शोधत होती. "तू सांगितलं असतंस तर मी तुला बसू दिलं असतं का? माझ्याच लेकराच्या बोडणाला?" आणि मग तिचे डोळे भरले. "तुला सांगू का, मला इतकी वर्षं तेच लागून राहिलं. तू सगळ्यांपासून लपवलंस, ते समजलं मला. पण माझ्यापासून पण लपवलंस! तुझी वेणी मी घालायचे, वच्छे. मला तरी सांगायचं होतंस. निघताना तुझ्याकडे बघवलं नाही मला, इतका राग आला होता."

आधी वाटलं, हिला आत्ता सगळं आठवायला लावावं. तो दगड, तो साबण, कानाशी आणि पडवीत बोललेले शब्द, शब्दाला शब्द. मी तोंडही उघडलं. पण माझे हात तिच्या पाठीवरच होते आणि ती पाठ हुंदक्यांनी हलत होती. जिला मी रोज उभी करत होते ती बाई या खोलीत नव्हतीच. ती कधीच कुठंतरी नाहीशी झाली होती. भीतीनं बोललेलं एक वाक्य हिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याचं खरं होऊन बसलं होतं. आणि हिच्याही मनात एक कचेरी होती, तिथं मी उभी होते. हिनंही मला रोज विचारलं होतं, मला का नाही सांगितलंस. आम्ही दोघी, एक वाईत नि एक सांगलीत, एकच दुखणं घेऊन एकमेकींना शिक्षा करत होतो.

मी पुन्हा हात चालू केले. ते ढिले कधी झाले मला कळलं नाही. तेलानं ऊन झालेली तिची पाठ आणि माझे तळहात यात वेगळं कुठलं, ते काही वेळ मला सांगता आलं नसतं. काकू म्हणाली, "आत्ता कसं बरं वाटतंय." मलाही वाटत होतं. कित्येक दिवसांनी छातीत श्वास खोल गेला, आणि तोवर तो जात नव्हता हे तेव्हा समजलं.

मी हे पुढे एकदोघींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही क्षमा केलीत. मी क्षमा बिमा काही केली नाही. क्षमा करायलासुद्धा उंच जागी बसावं लागतं, मी त्या जागेवरून खाली उतरले होते, इतकंच. काकू खोटं बोलली हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. माझी फायनल गेली ती गेलीच. मला कुणी कधी "बाई" म्हटलं नाही, ते अजून सलतं. फक्त त्यासाठी रोज कुणाला तरी फासावर चढवायची गरज संपली.

हे टिकेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. वाईला परत आले तेव्हा आई मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसलेली होती, तिचे ते दिवस होते. मी चार हात अंतरावर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले आणि सांगलीच्या गोष्टी सांगू लागले. मुलगी कशी दिसते, मधू कसा चिकटतो. आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "सिंधू काही बोलली? त्या वेळेबद्दल?"

"म्हणाली, मला ठाऊक नव्हतं."

आई बोटानं घोंगडीची दशी उलगडत होती. मग म्हणाली, "ठाऊक होतं तिला. तुझं धुणं ती आपल्यात घालून धुवायची. मी पहिल्याच खेपेला बघितलं होतं."

माझा हात सुपात थांबला. "म्हणजे तुला..."

"मी समईपुढे बोलले असते तर आत्याबाईंनी तिला तान्ह्या पोरासकट माहेरी धाडलं असतं. परत आणलं असतं की नाही, देव जाणे. ती परक्या घरची पोर, वच्छू. तिला कोण होतं?" आई माझ्याकडे बघत नव्हती. "तू काय, आमचीच होतीस."

आमचीच होतीस. म्हणून मला सोडलं. काकूचं "नाही" त्यापुढे काहीच नव्हतं. हे "नाही" मला जिनं जन्म दिला तिनं म्हटलं होतं, तेही तोंड न उघडता, सगळं बघून, सगळं समजून. मला इतकं एकटं त्या देवघरापुढेही वाटलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. आता कचेरी भरेल, आता आईला उभं करावं लागेल, आणि ती कचेरी मरेपर्यंत उठणार नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, सुपातल्या तांदळात पडत होतं. दुःख होतं, ते खूप होतं. पण समोर कोपऱ्यात बसलेली ती बाई मला आरोपी दिसेना. ती इतकी वर्षं हे एकटीनं गिळून बसलेली दिसत होती. तिनं तेव्हा जमिनीकडे बघितलं होतं आणि ती अजून तिथंच बघत होती.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

मी सूप बाजूला ठेवलं, उठले आणि तिच्या घोंगडीवर तिला लागून बसले. तिचा हात हातात घेतला. ती दचकून मागे सरली, "अगं, अगं, शिवू नको," म्हणाली, पण हात काढून घेतला नाही. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आम्ही दोघी रडलो.

आत्याबाई माळ घेऊन दारातून चालल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. "वच्छे! शिवलीस तिला! आता आंघोळ करावी लागेल."

"करते," मी म्हटलं. "जरा वेळानं."